पट्ट्यावरचा चिमटा

ती गादी मी स्वतः बनवली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे वाचणारा दोष भलत्याच माणसाला देईल.

सूनबाईला तेव्हा पाचवा महिना लागला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला कृत्रिम दात बनवणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे ती काम करते. दिवसभर मेणात दात कोरते. तिच्या वाटेवर वाचनालय लागतं. तिथे मी छत्तीस वर्षं पुस्तकं बांधली आणि निवृत्त झाल्यावरही जातच राहिलो, कारण माणूस निवृत्त होतो, पुस्तकांचं फाटणं निवृत्त होत नाही. मुलगा पुलांच्या कामावर लांब असतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे रोज सकाळी साडेआठला सूनबाई गाडी काढायची आणि मी तिच्या शेजारी बसायचो, मांडीवर पिशवी धरून. संध्याकाळी परत तसंच.

वीस मिनिटांचा रस्ता. त्या वीस मिनिटांत आम्ही सरासरी चार वाक्यं बोलत असू. त्यातलं एक उन्हाबद्दल. भांडण वगैरे काही नव्हतं. मी मुळात घुम्या आणि तीही अबोल. मुलगा म्हणायचा, "तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं तर शेवटी भिंती बोलायला लागतील." लग्नाला तीन वर्षं झाली तरी तिला नेमकं काय म्हणून हाक मारावी हे माझं ठरलं नव्हतं. नावाने मारली तर उद्धट वाटायची, 'बाळा' म्हटलं तर नाटकी. मग मी नुसता खाकरायचो आणि ती बघायची.

एका सकाळी सिग्नलला गाडी उभी असताना तिने पोटावरचा सीटबेल्टचा पट्टा अंगठ्याने जरा पुढे ओढून धरला.

मी खाकरलो. "टोचतो का?"

"टोचत नाही. दाबतो जरासा."

झालं. चारातली तीन वाक्यं त्यात खर्ची पडली. पण 'दाबतो' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे तीन दिवस मी वाचनालयातल्या माझ्या खोलीत पुस्तकं बाजूला ठेवून तेच करत बसलो. एका जुन्या शब्दकोशाच्या पाठीचं मऊ चामडं उरलं होतं. त्याला आतून लोकरीचा जाड थर दिला, कडेने दुहेरी टाका घातला, तीन टिचबटणं लावली. पोटावरून जाणाऱ्या पट्ट्याभोवती गुंडाळली की गादी बरोबर पोटाच्या मध्यावर बसायची. शिवाय खांद्यामागे, दाराशेजारच्या खांबातून पट्टा बाहेर येतो तिथे, एक पोलादी चिमटा. सरस वाळेपर्यंत पानं घट्ट धरायला मी वापरतो तसला. चिमटा लावला की पट्टा आपोआप मागे ओढला जात नाही, अंगावर सैल राहतो. पट्टा खराब होऊ नये म्हणून चिमट्याच्या जबड्यालाही मी लोकर लावली. चूक करायची तरी हातचं राखून करायची नाही, असा माझा स्वभाव असावा.

तिने ती गादी हातात घेतली, उलटसुलट करून टाक्यावरून बोट फिरवलं. दातांचं काम करणारं बोट, त्याला कसर लगेच कळते.

"बाबा, हे तुम्ही हाताने शिवलंत?"

"हो. म्हणजे, उरलेलंच होतं चामडं."

"किती सरळ टाका आहे," ती म्हणाली आणि तिथल्या तिथे गादी पट्ट्यावर चढवली. त्या दिवसापासून गादीशिवाय आणि चिमट्याशिवाय तो पट्टा मी पाहिला नाही. रोज गाडीत बसलो की चोरून एकदा बघायचो आणि मला फार बरं वाटायचं.

घरी ही म्हणाली, "सुनेला चामड्याची गादी. आणि मला चाळीस वर्षांत साधं पाकीट नाही."

"तू कधी म्हणाली नाहीस."

"ती तरी कुठे म्हणाली?"

ते खरं होतं. ती काही म्हणाली नव्हती. या गोष्टीतली सगळी भानगड त्यातच आहे, पण तेव्हा मला कळलं नाही.

सातवा महिना लागला. एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही परत येत होतो. आमच्या पुढे घरसामानाचा एक टेम्पो चालला होता. त्याच्या मागच्या फळीवरून एक प्लास्टिकची खुर्ची अलगद घसरली आणि रस्त्यावर चारही पाय टेकून, कुणीतरी बसायला ठेवावी तशी उभी राहिली. सूनबाईने करकचून ब्रेक दाबला. 

गाडी खुर्चीच्या हातभर अलीकडे थांबली. कुणाला काही लागलं नाही. माझ्या पायांपुढचा कप्पा उघडून आतलं सामान माझ्या पावलांवर पडलं, मांडीवरची पिशवी समोर जाऊन आपटली, पट्ट्याने माझी बरगडी कळवळली. पण मी बघत होतो तिच्याकडे. ती पुढे गेली होती. चांगली वीतभर पुढे. पट्टा तिच्या अंगासमोर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा लोंबत होता, आणि ती दोरी ताठ झाली तेव्हा तिचं पोट स्टिअरिंगच्या चाकाला टेकलं होतं. जोरात नाही. पण टेकलं होतं.

"काही नाही झालं, बाबा," ती म्हणाली. तिचा एक हात पोटावर होता.

टेम्पोवाला उतरून आला, खुर्ची उचलली आणि जाताना आम्हालाच म्हणाला, "जरा हळू चालवत जा."

घरी येताच हिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. शनिवारी सकाळी दोघी टॅक्सीने जाऊन तपासून आल्या. बाळ ठीक होतं. ठोके ठीक, सगळं ठीक. "तुमचा चेहराच तेवढा ठीक दिसत नाही," ही मला म्हणाली.

माझा चेहरा ठीक नसण्याचं कारण टेबलावर होतं. शुक्रवारी माझ्या पायांवर जे सामान पडलं त्यात गाडीबरोबर येणारं माहितीपुस्तक होतं. तीनशे पानांचं, आजवर कुणी न उघडलेलं, आणि बांधणी अशी की नुसतं पडल्याने पाठ उकलली होती. शिवण नव्हतीच, सगळा सरसाचा कारभार. मी ते नीट बांधून देऊ म्हणून घरी आणलं. आता, बांधायला आलेलं पुस्तक वाचत बसायचं नाही असा आमच्या धंद्यातला नियम आहे. मी तो कधीच पाळला नाही. बढती न मिळण्याचं तेही एक कारण असेल. शनिवारी सकाळी, दोघी दवाखान्यात असताना, सुटी पानं क्रमाने लावता लावता मी एक्केचाळिसाव्या पानावर थांबलो.

तिथे लिहिलं होतं की गरोदर स्त्रियांनी पट्टा लावायलाच हवा. कमरेचा पट्टा पोटावरून कधीही घ्यायचा नाही. तो पोटाच्या खालून, मांड्या सुरू होतात तिथे, कमरेच्या हाडांवर सपाट बसवायचा. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, छातीच्या हाडावरून, आणि मग पोटाच्या कडेने खाली. पोट आणि चाक यांच्यात जमेल तेवढं अंतर ठेवायचं. आणि खाली, चौकटीत, जाड अक्षरांत: पट्टा सैल राहील अशी कोणतीही क्लिप, चिमटा किंवा गादी वापरू नये. अपघातात सैल पट्ट्याने इजा होते.

चिमटा. गादी. दोन्ही शब्द. जणू लिहिणाऱ्याने माझ्या खोलीच्या खिडकीतून डोकावून पाहिलं होतं.

मला लाज वाटली ती अज्ञानाची नाही. ही गोष्ट मला माहीत होती. छत्तीस वर्षं मी शिकाऊ मुलांना एकच सांगत आलो होतो: दोरा पानाच्या पोटातून घ्यायचा नाही, पाठीच्या घडीतून घ्यायचा. घडी म्हणजे पुस्तकाचं हाड. आणि ओढून घ्यायचा. सैल शिवण हाताला मऊ लागते, पण पुस्तक एकदा हातातून पडलं की आधी तीच दगा देते. हे सगळं कागदाच्या बाबतीत मला ठाऊक होतं. माणसाच्या बाबतीत मात्र मी 'दाबतो' हा एक शब्द ऐकला आणि सगळं शिकलेलं विसरलो.

सोमवारी सकाळी साडेआठला गाडी निघणार होती. त्याच्या आत तिला सांगायचं होतं.

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? बोलवायचं आणि सांगायचं. पण काय सांगायचं? सासऱ्याने सुनेला समोर उभं करून पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, छातीच्या मधून असं सगळं बोलायचं? मी पहिल्या शब्दालाच खाकरलो असतो आणि दुसऱ्याला खोकलो असतो. शिवाय, मी दिलेलं जे ती दोन महिने रोज प्रेमाने वापरते आहे, तेच तिच्या बाळाला घातक आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू?

मी हिच्याकडे गेलो. ती कपाट आवरत होती. मी एक्केचाळिसावं पान तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावला, वाचलं, परत एकदा वाचलं आणि हातातली चादर खाली ठेवली.

"आणि तुम्ही चिमटा लावलात."

"हो."

"मग सांगा तिला."

"तू सांग ना. बायकाबायकांत..."

"मी सांगेन," ही म्हणाली. "पण मी सांगितलं की ते सासूने सांगितलं असं होतं. तुमच्या आईने मला जे जे सांगितलं ते मी कसं ऐकलं, ठाऊक आहे ना? वरून हो, आतून नाही. तीन वर्षं मी या पोरीला एक अक्षर शिकवलेलं नाही. गादी तुम्ही दिलीत, परत तुम्ही मागा." मग चादरीची घडी घालत म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत मुदत. तोवर तुमच्याच्याने झालं नाही तर मी सांगते. आणि मी माझ्या भाषेत सांगेन."

हिची भाषा मला माहीत आहे. त्यात माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीचाही उद्धार झाला असता.

मी लिहून द्यायचं ठरवलं. बोलता येत नाही ते लिहिता येतं, या भरवशावर माझं आयुष्य गेलं आहे. पहिला कागद: 'सूनबाईस अनेक आशीर्वाद. विषय: पट्टा.' हे एखाद्या कचेरीतून आल्यासारखं वाटलं. दुसरा: 'प्रिय मुली, मी तुझा अपराधी आहे.' हे वाचून तिला वाटलं असतं की मी तिचे दागिने गहाण टाकले. तिसऱ्यात मी शब्द टाळून नुसतं चित्र काढलं. एक गोल, त्याखालून एक रेघ, त्यावरून तिरकी दुसरी रेघ.

हिने जाता जाता डोकावून पाहिलं. "हा बटाटा कुणाला पार्सल करताय?"

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सूनबाई पडली होती. मी चौथा कागद घेऊन बसलो होतो आणि मला एक नवीनच शंका आली. मी तिला लिहितो आहे की पट्टा असा असा घे. पण तो तसा बसतो का? पुस्तकात लिहिलंय म्हणून? माझ्या अंगावर ना पोट ना काही, मी म्हणजे पट्ट्यासाठी नुसता खिळा. एकदा मी खात्री न करता चिमटा लावला होता. आता खात्री न करता पत्र लिहायचं?

मी दिवाणावरची मोठी उशी घेतली, बांधणीच्या फितीने पोटाला आवळली आणि वरून मुलाचा ढगळ स्वेटर चढवला. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. माहितीपुस्तकाची सुटी पानं काखेत मारली. दारात ही बसली होती, मटार सोलत. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"कितवा?"

"सातवा."

"मग जिने जपून उतरा," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

गाडी अंगणात उभी होती. आधी मी चिमटा काढला. पट्ट्यावर त्याच्या जबड्याच्या दोन पुसट खुणा उमटल्या होत्या. लोकर लावूनही. मग गादीची तिन्ही टिचबटणं सोडली आणि गादी, चिमटा आणि पानं समोर काचेखाली ठेवली. चालकाच्या जागेवर बसलो. माझे पाय काही पुरेनात, म्हणून सीटखालची दांडी ओढून सीट पुढे घेतली. पट्टा ओढला, कडी खटक्यात बसवली. कमरेचा पट्टा उशीखाली सारला. पानात पाहिलं. बरोबर. वरचा पट्टा उशीच्या कडेने. बरोबर. मग त्याची ढिलाई काढायला वरचा पट्टा जरा वर ओढला, आणि खरंच, खालचा कमरेवर चपखल बसला. दाबत नव्हता. पोटाला तर कुठे लागतच नव्हता. मला इतका आनंद झाला की वरच्या ओळीत अंतराबद्दल काय लिहिलंय ते नीट बघायला मी पुढे वाकलो. वाकताना पाय रेटला गेला, दांडी बहुतेक नीट अडकली नव्हती, आणि सीट खळकन आणखी पुढे सरकली.

उशी हॉर्नवर बसली.

गाडी भोंगा फुटल्यासारखी ओरडायला लागली. मी मागे सरकायला गेलो तर घाईत पट्टा हिसकला गेला आणि त्याने मला जागच्या जागी धरलं. तो त्याचं काम चोख करत होता. दांडी सीटखाली, हात उशीपलीकडे पोचेना. खटका उशीखाली, तो दिसेना. वरच्या मजल्यांवर खिडक्या उघडल्या. तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर बनियनवर बाहेर आले आणि काचेशी वाकून माझ्याकडे बघू लागले. 

"दार उघडत नाही का?" ते ओरडले.

मी मान हलवली. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं.

"तब्येत सुधारली म्हणायची."

मग ते बाजूला झाले, कारण सूनबाई आली होती. केस विस्कटलेले, पायांत सासूच्या चपला. तिने दार उघडलं, वाकली, एका हाताने दांडी ओढली आणि दुसऱ्या हाताने सीट मागे ढकलली. हॉर्न थांबला. एवढी शांतता झाली की पोस्टमास्तरांनी दार लावल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

ती उभी होती. मी बसलो होतो. दोघांनाही पोटं होती.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "हे काय चाललंय?"

मी खाकरलो.  मग मी पट्ट्याला हात लावला. कमरेचा पट्टा उशीखाली बोटाने दाखवला. वरचा उशीच्या कडेने खालपर्यंत दाखवला. मग समोर ठेवलेला चिमटा आणि गादी दाखवली आणि मान आडवी हलवली.

"हाडावर," एवढंच मी म्हणालो. "पोटावर नाही. हाडावर."

ती गाडीला वळसा घालून आली आणि माझ्या नेहमीच्या जागेवर बसली. 

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सहाव्या महिन्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दाखवलं होतं. चित्र पण दिलं होतं. कवळीचंही तसंच असतं, बाबा. हिरडीवर बसते, पण भार हाडावर गेला पाहिजे. मला लगेच पटलं."

"मग गादी?"

ती स्वतःच्या नखांकडे बघू लागली. नखांच्या कडेला मेण होतं. "तुम्ही उतरलात की काढायचे. वाचनालयाच्या पुढच्या कोपऱ्यावर थांबून. चिमटा पण. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर थांबून परत लावायचे."

"रोज?"

"रोज."

"का?"

"तुम्ही बसल्याबसल्या आधी टाका बघता, बाबा. चोरून बघता, पण मला दिसतं. मग तुमचा चेहरा असा होतो." तिने चेहरा करून दाखवला. मी इतका बावळट दिसत असेन असं मला वाटलं नव्हतं. "मला नाही सांगवलं. म्हटलं, दहा-वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे."

म्हणजे ती एकटी असताना नीट होती. धोका फक्त मी शेजारी असतानाच होता. आणि शुक्रवारी मी शेजारी होतो. ती दोरीसारखी लोंबणारी ढिलाई माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं.

"हा शुद्ध मूर्खपणा आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मी तो फारसा ऐकलेला नाही. "माझा चेहरा? माझ्या चेहऱ्यासाठी तू पोटातल्या जिवाला टांगून ठेवलंस? ती खुर्ची विचारून पडली होती का, सासरेबुवा गाडीत आहेत की उतरलेत म्हणून? शिकलेली मुलगी तू. दाताचा केसभर उंचवटा तुला कळतो. आणि एवढं कळलं नाही? माझ्या तोंडावर फेकायची होतीस ती गादी. म्हातारा दोन दिवस रुसला असता, तिसऱ्या दिवशी चहा प्यायला असता. अक्कल गहाण ठेवली होतीस का, कार्टे?"

शेवटचा शब्द निघून गेल्यावर मला कळला. मी तोंड मिटलं. उशी मध्ये आली नसती तर मी चाकावर डोकं टेकलं असतं.

 मी हळूच शेजारी पाहिलं. तिचे डोळे भरले होते, खांदे हलत होते. मला वाटलं, संपलं, आता ही माहेरी जाणार. पण ती हसत होती. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता.

"कार्टे," ती म्हणाली. "तीन वर्षं नुसते खाकरत होतात."

"चुकून निघालं."

"असू दे. माझे बाबाही असंच म्हणायचे." तिने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "रागावून झालं?"

"झालं बहुतेक."

"मग आता मी रागावते." ती माझ्याकडे वळली. दात तपासताना ती अशीच बघत असणार. "तुम्ही वरचा पट्टा काखेतून घेता. पहिल्या दिवसापासून. मान घासते म्हणून दंडाखाली सारता आणि वर पिशवी धरता, म्हणजे मला दिसू नये. शुक्रवारी बरगडी कळवळली ना? कळवळणारच. बरगडीवर घेतलंत तुम्ही सगळं. ती बरगडी मोडली की आत काय काय असतं ठाऊक आहे? हाडावर म्हणे. स्वतःचं हाड कुठे गेलं तेव्हा?"

मी नकळत दंड अंगाशी आवळला. 

"मला कितीदा वाटलं सांगावं. पण सासऱ्यांच्या काखेबद्दल कसं बोलायचं?"

"अवघड आहे," मी कबूल केलं.

"फार अवघड आहे."

तेवढ्यात वरून हिचा आवाज आला. गॅलरीतून वाकून ती विचारत होती, "सांगून झालं का? की मी खाली येऊ?"

"झालं, आई," सूनबाई ओरडली. "दोन्हीकडून झालं."

"मग उशी वर आणा. मला पडायचंय."

पण उशी लगेच आणता आली नाही, कारण खटका तिच्याखाली होता आणि फितीला मी बांधणीची गाठ मारली होती, जी सुटू नये म्हणूनच मारतात. सूनबाईने गाडीच्या कप्प्यातल्या तिच्या कोरणीने ती एकेक पेड करून सोडवली. सोडवताना ती मला विचारत होती की ही गाठ कशी मारतात, आणि मी सांगत होतो. त्यात मी काखेबद्दल आणि तिने कार्टीबद्दल पुन्हा काही काढलं नाही.

गादी तिने मला परत दिली नाही. "हिला काही झालेलं नाही, जागा चुकली होती," म्हणाली आणि प्रयोगशाळेत घेऊन गेली. कोरताना मनगट टेकायला तिला काहीतरी मऊ हवंच होतं. चिमटा मी परत घेतला. गाडी गॅरेजात नेऊन तो पट्टाही बदलून घेतला, कारण त्या दोन खुणा मला बघवत नव्हत्या. गॅरेजवाला म्हणाला, एवढ्याशाने काही होत नाही. पण काही होत नाही हे मी बरेच दिवस मानत आलो होतो. 

पण ते सगळं त्या आठवड्यात पुढे. सोमवारी सकाळी साडेआठला ती गाडीत बसली तेव्हा आधी तिने सीट मागे घेतली, हात चाकाला जेमतेम पुरतील इतकी. मग पट्टा पोटाखाली सारला, वरचा ओढून ढिलाई काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाबा. काख."

मी दंड वर करून पट्टा बाहेर काढला आणि खांद्यावर घेतला. तो नेहमीसारखा मानेला लागला. मी मान जरा तिरकी धरली. तिने ते पाहिलं, गाडी बंद केली, उतरून माझ्या बाजूला आली, आणि खांबावर पट्टा जिथून येतो तिथला खटका दाबून ती पट्टी तीन बोटं खाली सरकवली. पट्टा मानेवरून उतरून खांद्याच्या मधोमध येऊन बसला.

"हे खाली सरकतं," ती म्हणाली.

"हो. त्रेचाळिसाव्या पानावर आहे."

"तुम्ही वाचलंत ते?"

"वाचलं."

"मग केलं का नाहीत?"

"मी गरोदर बायकांसाठी म्हणून वाचत होतो."

ती परत जाऊन बसली आणि पिशवीकडे बोट दाखवलं. मी पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली. हातांचं काय करावं कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. गाडी निघाली. तिने मला त्या गाठीबद्दल विचारलं, म्हणजे ती चामड्यालाही चालते का ते. मी म्हणालो, चामड्याची वेगळी असते, आणि ती समजावायला पुस्तकाच्या पाठीपासून सुरुवात करावी लागली. मग तिने दाढेचा आकार कोरताना आधी खड्डा काढतात की कडा, ते सांगितलं. मी म्हणालो, म्हणजे आमचं उलट. ती म्हणाली, उलट कसं? मी सांगायला लागलो.

वाचनालय मागे गेल्याचं मला चौक आल्यावर दिसलं.

"अगं, माझं वाचनालय."

"अय्या," ती म्हणाली आणि आरशात बघत वळायचा दिवा लावला. "थांबा, पुढून वळवते. पण ते उलट कसं, ते आधी पुरं करा."